लसूणघासातले ससे

लसूणघासाची दुसरी कापणी निम्मीसुद्धा निघाली नाही. सदानंद वाफ्यात उकिडवा बसला, एक काडी उपटली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. काडीचं टोक तिरकं कापलेलं होतं, धारदार सुरीने कापावं तसं. त्या अख्ख्या वाफ्यात प्रत्येक काडीला तसाच तिरका काप होता. पलीकडे घास गुडघ्याला लागत होता, इथे घोटाही झाकत नव्हता.

"खरगोश, साब," बदरुद्दीन म्हणाला. पायाच्या अंगठ्याने वाळू उकरून त्याने काळ्या गोल लेंड्या दाखवल्या. "मैं बोला था ना."

बदरुद्दीन हा शेतावरचा जुना गडी, बिदरकडचा. तो बोलला होता हे खरंच होतं. पण तेव्हा सदानंद शेतावर नवा होता. ससा म्हटल्यावर त्याला पोरांच्या पुस्तकातलं चित्रच आठवलं होतं.

शेळ्यांचं दूध काढायला भांडं घेऊन निघालेली विभावरी बांधावरच थांबली. नवऱ्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, मान दिसत होती. उन्हाने काळी पडलेली, आणि कॉलरच्या खाली अजून ऑफिसातल्यासारखी गोरी.

वर्षापूर्वी हा माणूस दुबईत टॉवरचं प्लॅनिंग बघत होता. कोणत्या आठवड्यात कोणता मजला चढेल ते भिंतभर चार्टवर मांडायचा आणि मजले त्याच्या चार्टप्रमाणे चढायचे. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये फ्लॅट होता, विभावरी तिथल्याच एका नर्सरीत शिकवायची, मुलगी मुग्धा इंग्रजीत भांडायची. मग दिवाळीनंतर एकेक करून क्रेन थांबल्या. फेब्रुवारीत कंपनीने एका दुपारी अर्धं ऑफिस घरी पाठवलं. व्हिसा कॅन्सल झाला की देश सोडायला महिन्याची मुदत. इमारतीतली ओळखीची घरं रिकामी होत गेली. लिफ्टमध्ये माणसांपेक्षा बॅगा जास्त दिसायला लागल्या.

तेव्हा कंपनीत व्हिसाची कामं बघणारा विजयकुमार एका संध्याकाळी घरी आला. "सर, स्मॉल जॉब है. बट व्हिसा है. फॅमिली का भी देगा." अल धैदच्या पुढे, डोंगराच्या बाजूला, एका अरबाबचं म्हणजे मालकाचं शेत होतं. खजूर, घास, थोडी भाजी, शेळ्या. सुपरवायझर हवा होता. सदानंदचे आजोबाही शेतात कधी उतरले नव्हते. तो हो म्हणाला. मुग्धाला शारजातल्या शाळेत नववीला घातलं, विजयकुमारच्या घरी ठेवलं. ती गुरुवारी संध्याकाळी यायची आणि शनिवारी परत जायची.

अख्खा उन्हाळा या दोघांनी शेतावर काढला. विभावरी शेळीची सडं धरायला शिकली. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही हे शिकली. खजुरीचा काटा पायात मोडला की दोन दिवस ठणकतो हेही शिकली. सदानंद पाण्याच्या पाळ्या लावायचा, पंपाचं तेल बघायचा. बोलणं मात्र त्याचं कमी कमी होत गेलं, नळाला हवा धरावी तसं.

आणि आता हे ससे.

शुक्रवारी नमाजानंतर अरबाब आले. खलफान त्यांचं नाव. दाढी पांढरी, पाठ ताठ, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा म्हातारा. ससे त्यांच्याच नातवंडांनी आणले होते, ईदला हौस म्हणून. पोरं कंटाळली, पिंजऱ्याचं दार कुणीतरी उघडं टाकलं, आणि वर्षादोनवर्षांत घाफच्या झाडाखालचा सगळा उंचवटा बिळांनी पोखरला.

"मुदीर," अरबाब सदानंदला म्हणाले, "ये जत कौन खाता? तुम खाता?" लसूणघासाला तिथे जत म्हणत, सुपरवायझरला मुदीर. बदरुद्दीन हसला. सदानंदही हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की अरबाब हसत नाहीयेत. "ऊँट भूखा, खरगोश मोटा. ऐसा खेत नहीं चलता. तुम से पहले वाला मुदीर को भी मैं बोला. वो सुना नहीं. खलास, गया."

विभावरी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. गया म्हणजे कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

अरबाबांनी गाडीतून एक लांब पिशवी काढली. आत छर्‍याची बंदूक होती. दस्त्याचं लाकूड हाताच्या घामाने काळं झालेलं. "बाहर रेत में जो खरगोश है, वो सरकार का. उसको हाथ नहीं लगाना. ये मेरा घर का है. बंदूक भी मेरा, खेत भी मेरा, तार के बाहर नहीं निकालना." त्यांनी बांधावर एक डबा ठेवला, नळी बिजागरीत मोडून छर्रा भरला, आणि श्वास सोडता सोडता चाप ओढला. डबा उडाला. मग बंदूक सदानंदच्या हातात दिली. सदानंदचा छर्रा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. दुसराही नाही.

"सीखो," अरबाब म्हणाले. "यल्ला." आणि गाडीत बसले.

सदानंद रोज दिवस मावळताना बंदूक आणि छर्‍यांची डबी घेऊन घासाकडे जायला लागला. अंधार पडता पडता परत यायचा. हातात काही नसायचं.

"मिळाला का?"

"आले नाहीत आज."

पण सकाळी घास कापलेलाच असायचा. विभावरी शेगडीशी पोळ्या करताना कान देऊन ऐकायची. पंप बंद असला की त्या शेतात खजुरीची झावळी घासली तरी आवाज यायचा. बंदुकीचा आवाज तिने एकदाही ऐकला नाही.

एका संध्याकाळी तिने पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि चपला न घालताच निघाली. वाळू वरून गार, आत अजून कोमट होती. खजुरीच्या शेवटच्या रांगेशी ती थांबली.

सदानंद एका बुंध्याला टेकून बसला होता. पाय पसरलेले. बंदूक दोन मांड्यांच्या मध्ये उभी, दस्ता वाळूत, आणि नळीच्या टोकावर त्याने हनुवटी टेकवली होती. त्याच्यासमोर, दगड टाकला तर लागेल इतक्या जवळ, ससे चरत होते. पिवळसर, पांढऱ्या ठिपक्यांचे, एक अगदी काळा. त्यांना त्याची भीती उरली नव्हती. त्याचे डोळे उघडे होते, पण तो सशांकडे बघत नव्हता. कशाकडेच बघत नव्हता.

विभावरीला ओरडावं असं वाटलं आणि ओरडू नये असंही वाटलं. छर्‍याच्या बंदुकीने काय होतं आणि काय होत नाही, हे तिला माहीत नव्हतं. ती चार पावलं मागे गेली आणि तिथून, येताना हाक मारावी तशी, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, चहा टाकलाय. येताय ना?"

ससे उधळले. सदानंदने हनुवटी उचलली. "आलो," तो म्हणाला.

चहा टाकलेला नव्हता. ती धावत घरी आली आणि तिने आधण ठेवलं. साखर घालताना निम्मी ओट्यावर सांडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवत असताना ती म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"बंदूक."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला होता, पण ते हसू तिला बोचलं. "तुला? झुरळ दिसलं की टेबलावर चढतेस तू."

"झुरळ घास खात नाही." तिने त्याच्या पानात भात वाढला. "तुम्हाला दिवसभर शंभर कामं. संध्याकाळी मी रिकामीच असते. शिकवा."

"अरबाबला कळलं तर काय म्हणेल? मुदीरची बायको..."

"इन्शाल्ला म्हणेल. शिकवा तुम्ही."

त्याने शिकवलं. आणि शिकवताना तिला एक गंमत दिसली. ज्याला स्वतःला डबा उडवता येत नव्हता, तो माणूस शिकवायला उभा राहिला की जुना सदानंद व्हायचा. त्याने बांधावर डबे मांडले, पावलं मोजून रेघा मारल्या, वाळूवर काडीने नळीची आणि नजरेची रेघ काढून दाखवली. "हे बघ, डोळा, ही खाच आणि ते टोक, तिन्ही एका लायनीत. मग श्वास सोड. अर्धा सोड. थांब. आता."

नळी मोडून चाप चढवायला जोर लागायचा. पहिल्या दिवशी नळी निसटून तिचा अंगठा सापडला. नख निळं झालं, नंतर काळं. दस्ता खांद्यात दाबून धरून धरून खांद्यावर वळ उठला. चपात्या लाटताना तो दुखायचा. डबे जागचे हलत नव्हते. बदरुद्दीन शेळ्या घेऊन लांबून जायचा, तोंड फिरवून, हसतोय हे दिसू नये म्हणून.

"श्वास धरून ठेवतेस तू," सदानंद म्हणायचा. "नर्सरीतल्या पोरांना फोटोला उभं केल्यासारखी. सोड."

मग एका संध्याकाळी टण्ण असा आवाज आला आणि डबा उलटा पडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सदानंद पळत जाऊन तो डबा घेऊन आला आणि त्यातल्या भोकातून त्याने तिच्याकडे एक डोळा लावून पाहिलं. तिला हसू आलं. त्या रात्री जेवताना तो सलग बोलत होता, टाइट ग्रुपिंग म्हणजे सगळे छर्रे एकाच जागी कसे बसतात वगैरे.

बंदूक त्या दिवसापासून झोपायच्या खोलीत, तिच्या बाजूला राहायला लागली. छर्‍यांची डबी तिच्या कपाटात.

पहिला ससा पडला तो गुरुवार होता. मुग्धा नुकतीच आली होती आणि ओट्यावर पाय हलवत मोबाईल बघत होती. विभावरी खजुरीच्या बुंध्यामागे पोटावर झोपली. सदानंद तिच्या मागे बसला. ऊन पिवळं होऊन डोंगराकडे सरकलं, घासावर दव धरायला लागलं. मग उंचवट्यावरून एक उतरला, मागून दुसरा. पुढचा कान फिरवत थांबला आणि खायला लागला. त्याचा जबडा भराभर हलत होता. किती छान खातोय, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात सदानंद पुटपुटला, "आता."

तिने चाप ओढला.

ससा उडाला आणि पडला आणि ओरडला. ससा ओरडतो हे तिला माहीत नव्हतं. तान्ह्या पोराला टाचणी टोचावी तसा तो आवाज होता, आणि तो थांबत नव्हता. छर्रा मागच्या अंगात लागला होता. मागचे पाय ओढत तो घाफच्या दिशेने सरपटत होता.

"सोड, विभा," सदानंद म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मरेल तो आपोआप. चल घरी."

"आपोआप कसा मरेल?"

ती उठली. नळी मोडायला हातात जोरच राहिला नव्हता, गुडघ्यावर टेकवून तिने ती मोडली. एक छर्रा वाळूत पडला, दुसरा भरला. घाफच्या खालच्या फांद्या काटेरी, त्यात ओढणी अडकली, ती तिथेच सोडून ती रांगत आत गेली. ससा बिळाच्या तोंडाशी पोचला होता पण आत जायला त्याच्यात ताकद नव्हती. तो तिच्याकडे बघत होता. बरगड्या लपलप हलत होत्या. तिने नळी त्याच्या कानामागे टेकवली. श्वास सोडायची आठवण राहिली नाही. फट्ट झालं आणि सगळं गप्प झालं.

बाहेर येऊन ती वाळूत बसली. ओठ कोरडे पडले होते, हाताला काट्यांचे ओरखडे. सदानंदने तिची ओढणी काट्यांतून सोडवून आणली आणि तिच्या खांद्यावर टाकली. तिच्या शेजारी बसून राहिला.

मागच्या पायांना धरून ती ससा घरी घेऊन आली. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता, आणि गरम.

मुग्धा ओट्यावरून उडी मारून उठली. "ओ माय गॉड! मॉम! यू किल्ड इट?"

"हो."

"दॅट्स सो ग्रॉस! इट्स अ बनी!"

"बनीच आहे," विभावरी म्हणाली. "घास खातो. बाबांचं काम जातं त्याने."

मुग्धाने बाबांकडे पाहिलं. सदानंद नळाखाली हात धूत होता, हाताला काही लागलेलं नसताना. "यू गाइज आर इनसेन," मुग्धा म्हणाली आणि आत गेली.

बदरुद्दीन खाणार नव्हता, हलाल झालेला नव्हता तो. फेकून द्यावा तर विभावरीचं मन होईना. एवढं केल्यावर तो उकिरड्यावर टाकायचा, हे तिला त्या ओरडण्याहून वाईट वाटलं. बदरुद्दीनने लांब उभं राहून सांगितलं तसा तिने तो सोलला. कातडं इतकं सहज निघालं की तिला नर्सरीतली पोरं आठवली, हात वर करून स्वेटर काढून घेणारी. मग तिने कांदा-खोबऱ्याचं वाटण केलं. सदानंदने मुकाट्याने खाल्लं. मुग्धाने ब्रेडला जॅम लावला.

थंडी वाढली तशी विभावरीही तयार झाली. वारा डोंगराकडून असला तर घासाच्या खालच्या अंगाला बसायचं. पहिला बाहेर येतो त्याला मारायचं नाही, मागचे सगळे आत राहतात. सशाने मान वर केल्याशिवाय चाप ओढायचा नाही. ओरडणारा ससा त्यानंतर एकच झाला. आता छर्रा लागला की ससा बसल्या जागी आडवा व्हायचा, आणि तिला त्याचा आनंद व्हायचा. मग आनंद झाल्याचं वाईट वाटायचं. मग पुन्हा नळी मोडायची.

घास वर यायला लागला. एका शुक्रवारी अरबाबांनी वाफ्यात पाय टाकून पाहिला आणि सदानंदच्या पाठीवर थाप मारली. "शाबाश मुदीर! हाथ बैठ गया."

विभावरी चहा ओतत होती. सदानंद तिच्याकडे बघेल असं तिला वाटलं. तो बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. "शुक्रन, अरबाब," म्हणाला.

त्या संध्याकाळी ती एकटीच घासाकडे गेली. तो मागून आला नाही, तिने बोलावलंही नाही. राखाडी रंगाची एक सशीण मिळाली. अंगणात सोलायला घेतली तेव्हा पोटाखालचे केस विरळ दिसले, आणि सुरीखाली पांढरं काहीतरी पाझरलं. तिने बोट लावून पाहिलं. दूध होतं.

सुरी खाली ठेवून तिने बॅटरी घेतली आणि उंचवट्यावर गेली. बिळं सगळी सारखीच. एकेका तोंडाशी वाकून ती कान लावत होती. पिल्लं आवाज करत नाहीत हे तिला माहीत नव्हतं. तासभर तिने शोधलं असेल. शेवटी सदानंद शोधत आला.

"काय करतेस इथे?"

"दूध होतं तिला," ती म्हणाली. "पिल्लं असतील आत. कुठे ते कळत नाही."

तो तिच्या शेजारी वाळूत बसला. बॅटरीचा उजेड बिळाच्या तोंडावर पडला होता, आत काळोख होता.

"विभा, तू माझ्याकडून बंदूक का घेतलीस?"

"तुमचा नेम बसत नव्हता."

"मी नेम लावतच नव्हतो."

"माहितेय मला," ती म्हणाली.

त्याने तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि विझवली. "मी काही केलं नसतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "म्हणजे मला वाटतं, केलं नसतं." त्याचा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि धरून ठेवला. त्याच्या तळव्याला घट्टे पडलेत हे तिला तेव्हा कळलं.

उठताना तो म्हणाला, "मारून हे संपणार नाही. तू इथे दहा मारशील, तिथे वीस होतील. जाळी घालायला पाहिजे. वर नाही, जमिनीत."

दुसऱ्या दिवशी त्याने मुग्धाच्या वहीतलं पान फाडून आराखडा काढला. हातभर खोल चर खणायचा, त्यात तारेची जाळी उभी घालायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे उकरणारा ससा जाळीवरच येतो. पोखरलेला उंचवटा जाळीच्या बाहेर ठेवायचा. जाळी आणायला तो पिकअप घेऊन दुबईला गेला, बंद पडलेल्या एका साइटवर, जिथे पडून राहिलेलं सामान भंगारात निघत होतं. साइट त्याचीच होती. टॉवर त्याच्या चार्टवरच्या अर्ध्या मजल्यांवर थांबलेला होता. गेटवरच्या वॉचमनने त्याला ओळखून सलाम ठोकला आणि विचारलं, "साब, काम चालू होनेवाला है क्या?"

"नहीं," सदानंद म्हणाला. "जाळी ले जाने आया."

हे त्याने परत आल्यावर तिला सांगितलं.

चर खणायला सगळेच लागले. वरची वाळू ढासळायची, खाली खडक लागायचा. सदानंद पहार घेऊन चरात उतरायचा आणि बनियन पिळून निघेपर्यंत वर यायचा नाही. मुग्धानेसुद्धा दोन शनिवार हातमोजे घालून जाळी धरली. "दिस इज बेटर दॅन शूटिंग," ती म्हणाली. जाळीच्या आत राहिलेले ससे मात्र विभावरीलाच मारावे लागले. ते तिने मारले, आणि ते काम बाकीच्यांपेक्षा कमी आहे असं तिने कुणाला म्हणू दिलं नाही.

फेब्रुवारीत घास कमरेला आला. अरबाब दोन पाहुणे घेऊन आले. चटई टाकली, कहावा म्हणजे अरबी कॉफी झाली, खजूर झाले. अरबाब पाहुण्यांना अरबीत सांगत होते आणि सदानंदकडे बोट करून बंदूक धरल्याची खूण करत होते. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"अरबाब," सदानंद मध्येच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "एक बात. मैंने एक भी नहीं मारा."

अरबाब थांबले. "क्या?"

"खरगोश. सब इसने मारा." त्याने दाराकडे हात केला. विभावरी किटली घेऊन उभी होती. "मेरे से नहीं हुआ. मैं झूठ नहीं बोला, मगर आप मेरे को शाबाश बोला, मैं चुप बैठा."

शेळ्यांच्या गोठ्याजवळ बदरुद्दीन हातातलं काम टाकून बघत राहिला. अरबाबांनी विभावरीकडे पाहिलं, तिच्या काळ्या नखाकडे, तिच्या साडीच्या काठाखालच्या पुरुषी बुटांकडे. ती खाली बघायला लागली. आता काय ऐकायला लागणार?

"मेरा माँ मारता था," अरबाब म्हणाले. "बाप समुंदर में, मोती के वास्ते. चार महीना घर नहीं. माँ बंदूक लेके जाता, रेत में. हम छोटा छोटा बच्चा, घर में बैठके देखता, माँ कब आएगा." त्यांनी कप खाली ठेवला. "बाप जब वापस आता, माँ बंदूक दीवार पे रखता, बोलता सब अल्ला ने दिया. बाप को सब मालूम था. मगर वो कभी बोला नहीं." त्यांनी सदानंदच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम बोला. अच्छा किया."

मग ते पाहुण्यांकडे वळले आणि तीच गोष्ट अरबीत सांगायला लागले. विभावरीने कहावा ओतला. सदानंदने आपला कप तिच्यापुढे धरला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी विजयकुमारचा फोन आला. मुग्धाला ताप चढला होता, उतरत नव्हता. डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, पण ती आई आई करतेय. धैदहून टॅक्सी मिळत होती. विभावरीने दोन कपडे भरले, पर्स घेतली, आणि कपाट उघडून छर्‍यांची डबी पर्समध्ये टाकली. चेन लावली. बाहेर सदानंद टॅक्सीवाल्याला पत्ता समजावत होता. ती दारापर्यंत गेली, थांबली, परत आली. चेन उघडून डबी काढली आणि जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. मागे वळली तर सदानंद दारात होता. त्याने डबी पाहिली.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला.

मुग्धा पांघरुणात मुटकुळं करून पडली होती. आईला पाहून तिने इंग्रजीत एक अक्षर काढलं नाही. "आई, डोकं दुखतंय गं," म्हणाली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं. पेज झाली, पट्ट्या झाल्या. मावळतीला ती झोपली तेव्हा विभावरीने घरी फोन लावला.

उचलला नाही.

पाण्याची पाळी असेल. तिने थोडं थांबून पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. बाहेर बाल्कनीत उजेड पिवळा झाला होता, घासावर दव धरायची वेळ. बदरुद्दीनचा लावला, तो बंद. पुन्हा सदानंदचा. विजयकुमारची बायको चहा घेऊन आली. विभावरी कप हातात धरून उभी राहिली आणि तिला एकदम त्या टेबलावरची मिठाची बरणी दिसायला लागली. तिने कप कठड्यावर ठेवला. चपला शोधायला लागली. आता टॅक्सी कुठून मिळेल हे तिला विचारायचं होतं, पण दुसरी चप्पल सापडेना.

फोन वाजला.

"विभा? ऐकतेस का?" तो धापा टाकत होता. "काळी शेळी व्याली! पहिलं करडू बरं आलं, दुसरं आडवं. बदरुद्दीन नाही ना, तो धैदला गेलाय. मी एकटाच. तेल लावून हात घातला आत, पाय सापडला, वळवला, आणि काय सांगू तुला, सर्रकन आलं बाहेर! श्वास घेत नव्हतं. नाकात गवताची काडी घातली, शिंकलं! विभा, शिंकलं ते! दोन्ही माद्या आहेत. आता उभ्या राहतायत, पडतायत, पुन्हा उभ्या राहतायत. फोन वाजत होता कळत होतं गं, पण हात कोपरापर्यंत... हॅलो? आहेस का? मुग्धा कशी आहे?"

विभावरी बाल्कनीच्या फरशीवर खाली बसली होती. पाठ भिंतीला लागली.

"झोपलीये," ती म्हणाली. "ताप उतरतोय."

"मग तू रडतेस कशाला?"

"कुठे रडतेय." तिने पदराने नाक पुसलं. "शेळीला गुळाचं पाणी दिलंत का? कोमट लागतं. आणि वार पडेपर्यंत जवळून हलू नका."

"नाही हलत," तो म्हणाला. "इथेच बसलोय."

फोन दोघांनीही ठेवला नाही. पलीकडून नुकत्या जन्मलेल्या करडाचं बारीक, कापरं ओरडणं येत होतं, आणि मध्येमध्ये सदानंदचा आवाज, तिच्याशी नव्हे, करडाशी बोलणारा. "अगं इकडे नाही, इकडे. हां. हे बघ इथे आहे दूध. ओढ आता."